पागडीची चाळ विकत घेताय? मग एवढं वाचाच

गिरगाव-लालबागकडे एखादी जुनी पागडीची चाळ, म्हणजे जिथे भाडेकरू सुरुवातीला मोठी रक्कम मोजून मग नाममात्र भाड्यावर जवळपास कायमचा राहतो अशी, घ्यायचा विचार चाललाय? घ्याच. घरचे म्हणतील डोकं फिरलंय, सोनं घे, एफडी कर, पण ऐकू नका. मुंबईत घरमालक म्हणून मिरवायचं आणि खिशातून पैसे घालून समाजसेवाही करायची, असा चान्स आपल्या सरकारने मुद्दाम राखून ठेवलाय.

भाडं किती घ्यायचं ही कटकट तुम्हाला नाहीच. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने ते केव्हाच ठरवून टाकलं, 1 सप्टेंबर 1940 ला जे होतं ते स्टँडर्ड, विषय संपला. कायदा तात्पुरता होता बरं का, जागांची टंचाई संपेपर्यंतच. आता टंचाई काही संपली नाही, का संपली नाही असलं विचारणारे सगळे बिल्डरचे दलाल असतात, त्यामुळे मुदतवाढ देत देत पन्नासेक वर्षं निघाली. मग 1997 ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की भाडं असं गोठवून ठेवणं वाजवी नाही, आणि सरकारने 1999 चा नवा कायदा आणून चक्क वर्षाला 4 टक्के वाढ दिली! खोलीचं भाडं 40 रुपये असेल तर वर्षाला दीड-पावणेदोन रुपये जास्त, उधळू नका. इमानदारीत वाढवत आला असाल तर आज महिन्याला शंभर-सव्वाशे येत असतील, त्यात चौघांचा वडापाव नि कटिंग होऊन जाईल.

दुरुस्तीच्या भानगडीत मात्र पडायचं नाही. जिना हलतोय, गॅलरीचा कठडा गेलाय, कॉमन संडासाचा पाइप गळतोय, तुम्ही फक्त वर बघून "बोर्डाला कळवा" म्हणायचं. 1969 च्या कायद्याने त्यासाठी रिपेअर बोर्ड आहे, सेस म्हणजे दुरुस्तीचा कर भरा, ते येऊन लाकडी टेकू लावून जातात आणि पुढे टेकूलाच टेकू लागतो. दरवर्षी पावसाळ्याआधी म्हाडाची, म्हणजे सरकारी गृहनिर्माण संस्थेची, अतिधोकादायक इमारतींची यादी येते, तिच्यात चाळीचं नाव आलं की भाडेकरू ट्रान्झिट कॅम्पात, म्हणजे तात्पुरत्या घरांत, दोन-तीन वर्षांसाठी हो, पोरांची दहावी नि लग्नं तिथूनच होतात एवढंच.

भाडेकरूवर चिडू नका, त्याच्या जागी तुम्ही असता तरी हेच केलं असतं. तो बोरिवलीला राहायला गेला, मुलगा पुण्यात, खोलीला कुलूप, पण सोडायची कशाला? पागडीने दिली तर घसघशीत रक्कम येते, तुम्हालाही तिसरा हिस्सा मिळतो, तेवढ्यापुरते तुम्ही दोघं अगदी सख्खे भाऊ.

शिवाय एक्झिटची सोय आहेच. म्हाडा कायद्यात 1986 ला घातलेलं प्रकरण वाचा, 70 टक्के भाडेकरूंनी मागणी केली की सरकार चाळ ताब्यात घेऊ शकतं आणि मोबदला महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट. शंभरपट! 40 रुपयांच्या खोलीचे 4000, वीस खोल्यांचे 80 हजार, इतक्यात एक सेकंडहँड स्कूटर येते. पटत नसेल तर कोर्टात जा, याच प्रकरणाविरुद्ध चाळमालकांनी केलेली केस 1992 पासून सुप्रीम कोर्टात होती, नऊ न्यायाधीशांचा निकाल 5 नोव्हेंबर 2024 ला लागला, तोही घटनेच्या मुद्द्यापुरता. तब्येतीची काळजी घ्या म्हणजे झालं.

चाळ परवडत नाही, नुसता एक फ्लॅट पडून आहे? पडूच द्या. 1 फेब्रुवारी 1973 ला जे लोक लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचा हक्क न मिळता मालकाच्या नुसत्या परवानगीने, राहत होते त्यांना कायद्याने एका फटक्यात भाडेकरू करून टाकलं, ते ऐकलेली प्रत्येक आजी अजून नातवाला सांगते, बाबा अकरा महिन्यांच्या वर कोणाला ठेवू नकोस. आता लायसन्सवाल्याला बाहेर काढायला वेगळं कलम आहे वगैरे तिला सांगून बघा. 2011 च्या जनगणनेत मुंबईत साडेचार लाखांहून जास्त घरं रिकामी निघाली, आणि आपण म्हणतो जागा नाही.

अगदीच भाड्याने द्यायचं मनात असेल तर बँक बघा नाहीतर 1 कोटीच्या वर भांडवलाची कंपनी, त्यांना 1999 च्या कायद्याचं संरक्षण नाही, हवं ते भाडं लावा. आणि दारात एखादी नर्स नाहीतर नवीन नोकरीला लागलेला पोरगा आला तर नीट समजावून सांगा, की बाळांनो, कायदा तुमच्याच भल्यासाठी केलाय, म्हणून तुम्हाला घर देता येत नाही.