गालिचा काढला तरी केरसुणी तीच?

धुळीची ॲलर्जी किंवा दमा असेल तर गालिचा काढून टाइल किंवा लाकडी फरशी घाला, हा तुमच्या लेखातला सल्ला पटला. पण पुढचं राहिलंच. कडक फरशीवर धूळ अडकून राहत नाही हे खरं, म्हणून तर ती कोरड्या झाडूने लगेच हवेत उडते आणि शिंका सुरू! ओल्या फडक्याने पुसणं किंवा हेपा फिल्टरचा (अतिबारीक कण अडवणाऱ्या गाळणीचा) व्हॅक्यूम, हेच उपाय. हेपा ०.३ मायक्रॉनचे कणही ९९.९७ टक्के अडवतो. साध्या व्हॅक्यूममधून बारीक धूळ मागच्या बाजूने परत खोलीत येते.

लॅमिनेट (लाकडासारखी दिसणारी, दाबलेल्या पाट्यांची फरशी) घेणाऱ्यांनी फॉर्मल्डिहाइड (गोंदातून सुटणारा उग्र वासाचा वायू) कमी असलेला माल आणि तसाच गोंद मागावा. त्या वासाने होतो तो त्रास ॲलर्जी नव्हे, पण दमेकऱ्याला फरक काय पडतो? टाइल असेल तर सांधे सील करून घ्या, ओल राहिली की तिथे बुरशी धरते.

आणि धुळीतल्या माइट्सचं, म्हणजे ॲलर्जी करणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांचं, खरं माहेरघर गादी-उशी. त्यांना आवरायचं तर खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली हवी, चादरी ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवायला हव्यात. फरशीचा खर्च त्यानंतर.