‘नाक्यावरची जकात’ लिहिणाऱ्या वाचकास

जकात, म्हणजे मुसलमानाने आपल्या संपत्तीतून गरजूंसाठी काढायचा बंधनकारक हिस्सा, यावरच्या माझ्या लिखाणावर आलेली आपली प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदाही आला. तिसऱ्यांदा उत्तर लिहायला बसलो.

आधी चूक कबूल करतो. ‘उत्पन्नाच्या अडीच टक्के’ असं मी लिहिलं होतं, ते चुकलंच. निसाबाइतकी (जकात लागू होण्याची किमान मर्यादा) किंवा त्याहून जास्त संपत्ती एक चांद्र वर्ष हाती राहिली, तर तिचा चाळिसावा हिस्सा द्यायचा, उत्पन्नाचा नव्हे. ओळ बदलली आहे. पण एवढं सांगायला ‘आधी अभ्यास करा, मग लोकांना शिकवा’ कशाला लागतं?

आता आपलं ते वाक्य : ‘जकात शेवटी जकातच. नाक्यावर भरा आणि गाडी पुढे काढा, याला दान कसलं म्हणता?’ कोटी छान आहे. लिहिताना स्वतःवरच खूश झाला असाल. पण मूळ अरबी शब्दात शुद्ध होणं आणि वाढणं असे दोन्ही अर्थ आहेत. नाक्यावरची पावती त्याला नंतर चिकटली, त्यात त्या शब्दाचा काय दोष?

आणि हो, वसुली होतीच. कुरआनातल्या सूरह तौबा या अध्यायाच्या ६०व्या आयतीत जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत जकात गोळा करणारेही आहेत. पहिले खलिफा अबू बक्र यांनी जकात नाकारणाऱ्या टोळ्यांशी युद्ध केलं. हा दाखला आपल्याला सुचला नाही, म्हणून मीच देतो. सक्ती आहे, कारण ती फर्ज, म्हणजे धर्माने बंधनकारक केलेलं कर्तव्य आहे. मर्जीने द्यायचा तो सदका, त्याला हिशेब नाही. पण बंधन आलं की मन गेलंच, हे आपण कुठून काढलंत? म्हाताऱ्या आईबापांना सांभाळणं हेही कर्तव्यच आहे. ते करणाऱ्याला आपण ‘कर भरलास’ म्हणता का? सूरह मआरिजमध्ये तर मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ‘ठरलेला हक्क’ म्हटलंय. म्हणजे देणारा उपकार करतच नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. अब्बांची एक वही होती. रमजानच्या ठरलेल्या तारखेला ते रोकड, येणी, अम्मीच्या बांगड्या मांडायचे आणि देणी वजा करायचे. एका वर्षी धंदा बुडाला आणि वजाबाकीच उरली. त्या ईदच्या आधी एक नातेवाईक पाकीट ठेवून गेले, ‘मुलांसाठी आहे’ एवढंच म्हणाले. ती जकात होती हे मला वीस वर्षांनी कळलं. घेणाऱ्याला तसं सांगावं लागत नाही. देणाऱ्याची नियत पुरते. आपल्या नाक्यावर असं कुणी गुपचूप भरायचं का, तेवढं कळवा.

बाकीचे मुद्दे किरकोळ आहेत. वापरातल्या दागिन्यांवर हनफी (सुन्नींच्या चार मजहबांपैकी, म्हणजे धर्मनियमांच्या परंपरांपैकी एक) जकात धरतात, इतर तीन मजहबांत बहुतेक धरत नाहीत. आमच्या घरी धरतात, विषय संपला. राहिलं निसाबाचं : सोन्याने मोजलं (सुमारे ८५ ग्रॅम) तर गरिबांच्या वाट्याला कमी येतं, चांदीने मोजलं (सुमारे ६०० ग्रॅम) तर जेमतेम शिल्लक असलेलाही देणारा ठरतो, मग खरा गरीब कोण, असं आपण विचारलंत. प्रश्न जुनाच आहे. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. कधी, ते मात्र विचारू नका.