लाकडी रस्ते आणि लंडनचे घोडे : प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा : ग्रॅनाइट हाताशी असताना एकोणिसाव्या शतकातल्या पावसाळी लंडनने रस्त्यांवर लाकडी ठोकळ्यांची फरसबंदी घालणं हा शुद्ध वेडेपणा, श्रीमंतांचे चोचले, आणि मी त्याचं कौतुक करत बसलो.

नुसतं टिकाऊपण बघायचं तर तुमचं बिनतोड आहे. मऊ लाकडाचे ठोकळे दहाएक वर्षांत बदलावे लागत. पण त्या रस्त्यावर पळायचा घोडा! रहदारीने घासून गुळगुळीत झालेल्या घडीव दगडावर नाल घसरे, आणि तीही कोरड्या हवेत जास्त. पावसाने स्वच्छ धुतलेला दगड उलट बरा. सिटी ऑफ लंडनचे, म्हणजे शहराच्या जुन्या मध्यभागाचे, इंजिनिअर विल्यम हेवुड यांनी १८७३ मध्ये याची रीतसर मोजदादच केली. एकदा पडेपर्यंत घोडा सरासरी किती मैल जातो? ग्रॅनाइटवर १३२, अ‍ॅस्फाल्टवर (सलग डांबरी थरावर) १९१, लाकडावर ३३०. शिवाय लाकडावर तो बहुतेक वेळा गुडघ्यांवरच येई, पुरता आडवा होत नसे.

दुसरं म्हणजे आवाज. लोखंडी धावेची चाकं दगडावरून दिवसभर खडखडत. घरात कुणी गंभीर आजारी असलं की ऐपतदार मंडळी दारासमोरच्या रस्त्यावर पेंढा पसरत, यावरून काय ते समजा.

कुजण्याचं म्हणाल, तर १८४०च्या आसपासचे पहिले प्रयोग फसलेच. पण १८७०नंतर खाली काँक्रीटचा थर आणि त्यावर क्रिओसोट (कुजू न देणारं डांबरी तेल) पाजलेले ठोकळे, तंतू उभे राहतील असे, बसवू लागले. पुढे ऑस्ट्रेलियातून जारा हे कठीण लाकूडही आलं. खरं तर तुम्ही धरायला हवा होता तो मुद्दा वासाचा. लाकूड घोड्यांचं मूत्र शोषून घेई आणि उन्हाळ्यात रस्ता अमोनियाने दरवळे. त्यावर लाकूडवाल्यांकडे धड उत्तर नव्हतं.

‘श्रीमंतांचे चोचले’ हे निम्मं मान्य. लाकूड आलं ते मुख्यतः दुकानांच्या नि प्रतिष्ठित वस्तीच्या रस्त्यांवर. गोदीकडच्या जड मालगाड्यांखाली ग्रॅनाइटच राहिला.

मग १८६९ मध्ये थ्रेडनीडल स्ट्रीटवर घातलेलं अ‍ॅस्फाल्टच सगळीकडे का नाही, असंही विचारलंत. धुवायला त्याच्याइतकं सोपं काही नव्हतं, सांधेच नाहीत तर लीद अडकणार कुठे? पण जरा दमट हवा पडली की ते निसरडं होई. चढावर तर ते घालायचं टाळतच.