एक किलोमीटरसाठी गाडी

गाडी असण्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा असेल, घरात कुणी गुडघ्यांनी हैराण असेल, तर गाडीला पर्याय नाही. माझा राग आहे तो एक-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांवर. औषधाची पट्टी आणायची, मुलीला क्लासला सोडायचं, दहा मिनिटांत परत. ‘एवढ्याशाने काय होतंय’ म्हणून या फेऱ्या आपण हिशोबातच धरत नाही. खरं तर इंजिन, हवा आणि आपलं शरीर या तिघांनाही त्याच सगळ्यात जास्त बाधतात.

कुठल्याही मेकॅनिकला विचारा. इंजिन थंड असताना पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून सुरुवातीला ते जास्तच ओतावं लागतं. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काही शे अंश तापल्याशिवाय धड काम करत नाही. तोवर कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेलं इंधन बरंचसं तसंच बाहेर पडतं. सायलेन्सरमध्ये जमलेलं पाणी उडून जायच्या आत गाडी बंद, की तो आतून गंजतो. स्टार्टरने खाल्लेली बॅटरीही पुरती भरून निघत नाही. सगळं जरा रुळावर येतं न येतं तोच आपण चावी काढून घेतो.

कार्बन डायऑक्साइड वेगळाच. लिटरभर पेट्रोल जळलं की तो सुमारे २.३ किलो तयार होतो. (पेट्रोलचं वजन जेमतेम पाऊण किलो, मग हे कुठून आलं? वरचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं.) आणि हे सगळं टनभर लोखंड हलवायला, आत माणूस एक.

गंमत अशी की जे अंतर इंजिनाला सोसत नाही, तेच पायांना अगदी मानवतं. जेवणानंतर थोडं जरी चाललं तरी मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी इन्सुलिनवरच अवलंबून राहत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगते. पूर्वी अट होती की ती सलग निदान १० मिनिटांची असावी. २०२० मध्ये ती अटच काढून टाकली. म्हणजे पाच मिनिटं चाललात तरी धरतात. एक किलोमीटर जाऊन-येऊन रोज चाललं तर आठवड्याचा कोटा ट्रॅकसूट न चढवता पुरा होतो.

बसून राहण्याची किंमत काय, हे फार आधी बसमध्येच दिसलं होतं. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या डबलडेकर बसवरच्या माणसांचा अभ्यास केला, तो १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. बस तीच, शहर तेच. ड्रायव्हर दिवसभर सीटवर, कंडक्टर तिकिटं फाडत दिवसभर जिन्यावरून वर-खाली. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त निघाला, आणि आला की जिवावर बेतण्याचं प्रमाणही जास्त. शंका लगेच निघाली: ड्रायव्हर मुळातच जाडे असतील तर? मॉरिसनी गणवेशाच्या पँटींची मापं तपासली. ड्रायव्हरांची कंबर खरोखरच मोठी होती! पण पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की बारीक असो वा पोट सुटलेला, कंडक्टर त्याच बांध्याच्या ड्रायव्हरपेक्षा सुरक्षित होता. ‘मी कुठे जाडा आहे’ म्हणून खुर्चीला चिकटून बसणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आता यावर ‘लोक आळशी झालेत’ असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. फुटपाथ असला तर त्यावर गाड्या लावलेल्या, नसला तर आरशाचा धक्का चुकवत चालायचं, आणि रस्ता ओलांडताना कुणी थांबेल याचा भरवसा नाही. अशा रस्त्यावर आठ वर्षांच्या पोराला एकटं कोण पाठवेल? म्हणून आई-बाप गाडीने सोडतात. शाळेच्या फाटकासमोर त्यामुळे आणखी गाड्या होतात, आणि जे पालक अजून मुलांना चालत पाठवत होते, तेही घाबरून गाडी काढतात. यात आळस कुठे आला? रस्त्यानेच त्यांना गाडीत बसवलं.

विजेच्या गाड्या आल्या की सुटलं सगळं, असं म्हणणारे मित्र आहेत. धूर जाईल, मान्य, ते थोडंथोडकं नाही. पण टायर झिजून उडणारी धूळ राहील, फुटपाथवर गाडी तशीच उभी राहील आणि आतला माणूस तसाच बसलेला असेल.

तेव्हा ‘चाला, चालणं चांगलं’ हा सल्ला मी देणार नाही, तो सगळ्यांना पाठ आहे. मला खरंच जाणून घ्यायचंय ते वेगळं. तुमच्या घरापासून चालत जाण्यासारखं एखादं ठिकाण असेलच, जिथे तुम्ही गाडीने जाता. मधे नक्की काय आडवं येतं? अंधार, कुत्री, चौक, उघडं गटार, की आणखी काही? जागेसकट लिहा. ‘वेळ नाही’ हे उत्तर चालेल, पण पार्किंग शोधण्यातला वेळ धरून.