‘गरमागरम वाढलं की जंतू मेले’ : एका फिरत्या मेसेजला उत्तर

एक मेसेज पुन्हा फिरायला लागला आहे. वर कुठल्याशा हॉटेलच्या तपासणी अहवालाचा फोटो, त्यावर लाल शेरे, आणि खाली मजकूर : “घाबरू नका. या त्रुटी म्हणजे नुसते कागदी घोडे. अन्न गरमागरम वाढलं की जंतू मरतात. खराब असेल तर वासावरून कळतंच. आचारी धडधाकट आहेत, वर्षानुवर्षं लोक जेवतायत, कुणी आजारी पडलेलं नाही. घरी तरी कोण थर्मामीटर लावतं? एका हॉटेलवाल्याच्या पोटावर पाय आणू नका. पुढे पाठवा.”

शेवटच्या वाक्यामागची कळकळ मला समजते. बाकीचा मजकूर मात्र एकेक करून तपासायला हवा. सुरुवात सगळ्यात घातक वाक्यापासून.

‘गरमागरम वाढलं की जंतू मरतात.’ बहुतेक मरतात, खरं आहे. पण त्यांनी आधीच करून ठेवलेलं विष मरत नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू सुमारे ३० टक्के निरोगी माणसांच्या नाकात सुखाने राहत असतो. नाकाला लागलेला हात शिजलेल्या पदार्थाला लागला आणि तो पदार्थ चार-पाच तास ओट्यावरच राहिला, की जंतू वाढतो आणि विष तयार करतो. मग त्या पदार्थाला खळखळून उकळी आणा. जंतू जातील, पण ते विष अर्धा तास उकळूनही टिकतं. बॅसिलस सेरियसची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली सुप्त रूपं, भात शिजतानाही तग धरतात, भात कोमट राहिला की रुजतात, आणि त्यातून उलट्या घडवणारं सेरुलाइड नावाचं विष तयार होतं. ते १२१ अंश सेल्सिअसलाही दाद देत नाही, म्हणजे प्रेशर कुकरसुद्धा इथे कामाचा नाही. त्यामुळे अहवालात ‘शिजवलेलं अन्न ३८ अंशांवर ठेवलेलं आढळलं’ असं लिहिलं असेल, तर ‘वाढताना गरम करतातच की’ हे त्यावरचं उत्तर होत नाही.

या ३८ अंशांवर थोडं थांबू या, कारण तपासणीचं मर्म तिथेच आहे. साधारण ५ ते ६० अंश हा जंतूंना मानवणारा पट्टा. पोषक वातावरणात काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. त्या हिशेबाने एकाचे सात तासांत वीस लाखांवर जातात. म्हणून अन्न गरम ठेवायचं तर पट्ट्याच्या वर, गार ठेवायचं तर खाली, आणि मधून जायचंच असेल तर भराभर. अमेरिकेच्या अन्नसंहितेतला नियम असा : ५७ वरून २१ अंशांवर दोन तासांत, आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत. आता रात्री उरलेल्या रश्शाचं गळ्यापर्यंत भरलेलं मोठं पातेलं डोळ्यांसमोर आणा. दिवसभर राबलेला माणूस ते उचलून तसंच फ्रीजमध्ये ठेवतो आणि घरी जातो. कडेचा रस्सा गार होतो, पण पोटातला पहाटेपर्यंत कोमट. मोठ्या पातेल्यांत वाढणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स ४५ अंशांच्या आसपास दहा मिनिटांच्या आत दुप्पट होऊ शकतो. त्याला याहून ऊबदार अंथरूण कुठे मिळणार? उपाय तसा फुकटातला आहे. रस्सा उथळ ट्रेमध्ये दोन बोटं जाडीचा ओतायचा, नाहीतर पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळायचं. पण हे करायला कुणीतरी थांबावं लागतं.

वासाचं थोडक्यात सांगतो. अन्न आंबवणारे, बुरशी आणणारे जंतू वेगळे आणि आजारी पाडणारे बहुतेक वेगळे. साल्मोनेला अन्नात असला तरी वास, चव, रंग जसेच्या तसे राहू शकतात. नाकाला कळतं ते शिळेपण.

‘कागदी घोडे.’ इथे मी अर्धं पाऊल मागे घेतो. फुटकी टाइल, दिव्यावर आवरण नसणं, झाकण नसलेला कचऱ्याचा डबा असे शेरे अहवालात असतात आणि त्यांच्यापायी जेवण सोडायची गरज नाही. पण फ्रीजच्या तापमानाची वही हासुद्धा कागदच. तिच्यात महिनाभर रोज ‘४’, एकाच शाईत, एकाच तिरकेपणाने लिहिलेला दिसला की निरीक्षकाला कळायचं ते कळतं. वही एका बैठकीत भरलेली आहे आणि फ्रीजकडे कुणी बघत नाही.

आणि कागदावरच्या आकड्याची किंमत काय असते, ते १९९३ साली अमेरिकेत दिसलं. जॅक इन द बॉक्स या साखळीच्या हॅम्बर्गरमधून ई. कोलायचा घातक प्रकार पसरला. सातशेहून जास्त लोक आजारी पडले, चार मुलं दगावली. वॉशिंग्टन राज्याचा नियम होता की मांस आतपर्यंत ६८ अंशांना शिजलं पाहिजे. साखळी मात्र केंद्राच्या जुन्या ६० अंशांच्या नियमाप्रमाणे शिजवत होती. फरक आठ अंशांचा, डोळ्यांना न दिसणारा. बर्गर गरमागरमच वाढले जात होते.

‘आचारी धडधाकट आहेत.’ मेरी मॅलनही धडधाकट होती. न्यूयॉर्कमध्ये श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करायची. तिच्या मागोमाग घराघरांत विषमज्वर (टायफॉइड) निघत होता. जंतू तिच्या अंगात होते आणि तिला साधी कणकणही नव्हती. १९०७ मध्ये तिला वेगळं ठेवलं, १९१० मध्ये पुन्हा स्वयंपाक न करण्याच्या अटीवर सोडलं. १९१५ मध्ये ती नाव बदलून एका प्रसूती रुग्णालयात स्वयंपाक करताना सापडली, तिथे पंचवीस जणांना लागण झाल्यावर. (मला तिची कीवही येते. दुसरं कसबच हातात नसलेल्या बाईने करायचं काय?) नोरोव्हायरसचा रोगीसुद्धा बरा वाटू लागल्यावर दोन आठवडे किंवा जास्त काळ विषाणू सोडत राहू शकतो. म्हणून जुलाब-उलट्या थांबल्यावरही किमान दोन दिवस भटारखान्यात पाऊल टाकू नये असा दंडक आहे. हात धुण्याच्या बेसिनमध्ये भांडी रचलेली आढळली, तर निरीक्षक तो शेरा ठळक लिहितो तो यासाठीच. त्या बेसिनवर कुणी हात धूत नाही, एवढं भांडी सांगतात. हातमोजे दाखवू नका. मोज्यांनीच फ्रीजचं दार उघडायचं, कच्चं मांस धरायचं आणि कोशिंबीर कालवायची, तर ती नुसती दुसरी कातडी झाली.

‘कुणी आजारी पडलेलं नाही.’ कुणी मोजलं? पोट बिघडलं की आपण शेवटच्या जेवणाला दोष देतो. पण नोरोव्हायरस १२ ते ४८ तासांनी त्रास देतो, कावीळ अ (हेपटायटिस ए) १५ ते ५० दिवसांनी, लिस्टेरिया तर कधी ७० दिवसांनी. सव्वा महिन्याने डोळे पिवळे झाले तर त्या दिवशीच्या थाळीची आठवण कुणाला येणार? बहुतेक लोक डॉक्टरकडेही जात नाहीत, दोन दिवस ताक-भात खाऊन कामाला लागतात. दूषित अन्नाने जगात दर वर्षी ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा अंदाज आहे. त्यात घरचं, बाहेरचं सगळं अन्न आलं. पण यांतले फार थोडे कुठल्या हॉटेलच्या तक्रारवहीत सापडतील.

घरी थर्मामीटर नसतो, कबूल. घरी चार माणसांचा स्वयंपाक होतो आणि तासाभरात ताटं होतात. हॉटेलात सकाळी चिरलेलं दुपारी शिजतं, रात्री वाढलं जातं, आणि एका पातेल्यातली चूक तीनशे ताटांत जाते. त्या ताटांपुढे गरोदर बाई, केमोथेरपी चालू असलेला माणूस, तीन वर्षांचं पोर, कुणीही बसलेलं असू शकतं.

राहिलं पोटावर पाय आणणं. तपासणी म्हणजे एका दिवसाचं चित्र, हे मान्य. अहवाल दारावर लावल्याने काय होतं? लॉस एंजेलिसने १९९८ मध्ये आणि न्यूयॉर्कने २०१० मध्ये हॉटेलांच्या दारावर श्रेणीची अक्षरं लावायला लावली. त्यामुळे आजार घटले का, यावर अभ्यासकांत वाद आहे, म्हणून तसा दावा मी करणार नाही. पण फुटक्या टाइलपायी कुणी हॉटेल बंद करत नाही. टाळं लागतं ते पाणी नसलं, वीज जाऊन फ्रीज तासन्‌तास बंद राहिले, मोरी तुंबून मैला वर आला, उंदरांचा सुळसुळाट झाला किंवा एकाच जेवणानंतर माणसं रांगेने आजारी पडली तर. आणि दुरुस्ती झाली, फेरतपासणी पार पडली की ते उघडतंही. मेसेजमधल्या त्या फोटोत खालून तिसरी ओळ जरा मोठी करून वाचा. ‘हात धुण्याच्या जागी साबण नाही, गरम पाणी नाही’ असं लिहिलं आहे. साबणाची वडी ठेवून कुणाचा धंदा बुडालेला मी तरी ऐकलेला नाही.