खेळ तेवढे तुम्ही बघा

ज्या सभेला आपण जात नाही, त्या सभेत आपल्याला काम लागतं. हा नियम पन्नाशी उलटली तरी माझ्या लक्षात राहत नाही. त्या रविवारी सर्दीचं निमित्त करून मी घरी पडून राहिलो आणि संध्याकाळी पाळकसाहेबांचा फोन आला. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, सुट्टीतल्या बायबल शाळेची कामं वाटून झाली होती. गाणी एका ताईंनी घेतली, गोष्टी दुसऱ्या ताईंनी, हस्तकला तिसऱ्या ताईंनी. खाऊच्या कामावर तर म्हणे चार जण तुटून पडले.

"खेळ तेवढे तुम्ही बघा," पाळकसाहेब म्हणाले. "त्यात काही नसतं हो. मुलं आपापली खेळतात."

मी मंडळीचा खजिनदार. मला जमाखर्च जुळवता येतो, बाकी फारसं काही येत नाही. तेव्हा मी जे येतं तेच केलं, एक वही घेतली आणि रकाने पाडले. पाच दिवस, रोज पाऊण तास, मुलं चाळीस, वय पाच ते बारा. खेळाचं नाव, साहित्य, लागणारा वेळ. पाळकसाहेबांच्या सांगण्यावरून 'शिकवण' हा एक रकाना वाढवला. पान भरत नव्हतं म्हणून शेवटी 'शेरा' हाही घातला. त्यात काही लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

सोमवारी संगीत खुर्ची. हा खेळ सोपा म्हणून पहिल्या दिवशी ठेवला होता. चाळीस मुलं, एकोणचाळीस खुर्च्या. इथे माझ्यासारख्या हिशेबी माणसाने जे आधी करायचं ते मी गाणं सुरू झाल्यावर केलं. दर फेरीला एक मूल बाद होतं, म्हणजे फेऱ्या एकोणचाळीस. फेरीला एक मिनिट धरलं तरी पहिल्या मिनिटाला बाद झालेल्या मुलाने उरलेली अडतीस मिनिटं करायचं काय? मुलांना हा प्रश्न पडला नाही. बाराव्या फेरीपर्यंत बाद झालेल्यांचा स्वतंत्र खेळ उभा राहिला होता, आणि तो माझ्या खेळापेक्षा चांगला चालला होता. त्यात बाद झालेल्या खुर्च्याही सामील होत्या.

कशीबशी शेवटची फेरी झाली. जिंकलेल्या मुलीला मी बक्षिसाची पेन्सिल देतोय, तोच एक चष्मेवाला मुलगा पुढे आला. वय वर्षं नऊ. अगदी पहिल्या फेरीत बाद झालेला हाच.

"काका, बक्षीस मला पाहिजे."

"तू तर सगळ्यात आधी बाद झालास."

"म्हणूनच. शेवटले ते पहिले होतील."

सकाळी गोष्टीच्या वर्गात द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांचा दाखला झाला होता. दिवसभर उन्हात राबणाऱ्याला आणि शेवटच्या एका तासापुरता आलेल्याला मालक सारखीच मजुरी देतो, ती गोष्ट. खजिनदार म्हणून मला त्या मालकाचा हिशेब पहिल्यापासून खटकतो, पण हे मी कधी चारचौघांत बोललेलो नाही. आता चाळीस मुलं माझ्याकडे बघत होती. मी चाळीस पेन्सिली वाटल्या. पाच दिवसांची बक्षिसं पहिल्या दिवशी संपली.

घरी येऊन मी शेरा लिहिला : 'खुर्च्या काढाव्यात, मुलं काढू नयेत.' म्हणजे दर फेरीला खुर्ची कमी करायची, पण बाद कोणालाच करायचं नाही. उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी मिळून कसंही मावायचं. हा प्रकार खरोखर खेळतात आणि तो फार छान होतो, असं गाण्यांच्या ताईंनी मला मंगळवारी सांगितलं. सोमवारी त्या कुठे होत्या कोण जाणे.

त्याच रात्री मी ही सुट्टीतली शाळा मुळात निघाली कुठून, हे वाचत बसलो. संकटाचा उगम शोधला की थोडं बरं वाटतं. न्यूयॉर्कमध्ये 1898 साली एलायझा हॉज नावाच्या बाईंनी, सुट्टीत रस्त्यावर हिंडणाऱ्या गरीब मुलांसाठी असे वर्ग सुरू केले. जागा कोणती, तर भाड्याने घेतलेला बिअरचा गुत्ता. रिकामी आणि परवडणारी जागा मिळाली असेल, म्हणून घेतली असेल. पण पहिल्या दिवसानंतर मला त्या निवडीमागे आणखी काही कारणं दिसू लागली.

मंगळवारचा खेळ म्हणजे माझ्या वहीतला हुकमी एक्का : यरीहोचा तट, बायबलमध्ये नुसत्या आरोळीने पडतो तो. पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्यांची भिंत रचायची, मुलांनी तिला सात फेऱ्या घालायच्या, शेवटी एकदम मोठ्याने ओरडायचं आणि भिंत पाडायची. ही गोष्ट मी का निवडली, ते आता कबूल करतो. त्या वेळचा पुढारी यहोशवा, त्याने लोकांना बजावलं होतं की मी सांगेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. फेऱ्या घालताना संपूर्ण शांतता! चाळीस मुलं गप्प राहतील असा शास्त्राधार असलेला दुसरा खेळ मला तरी सापडला नाही.

पहिल्या फेरीत मला साधारण साडेचार पावलं शांतता मिळाली. मग एक जण तोंडाने भोंगा वाजवू लागला.

"गप्प! यहोशवाने काय सांगितलं होतं?"

"लोकांना सांगितलं होतं," चष्मेवाला म्हणाला. "याजक रणशिंगं वाजवत होते. मी याजक आहे."

पुढच्या पाच सेकंदांत मंडळीत चाळीस याजक झाले.

तो आवाज मी इथे लिहून दाखवू शकत नाही. शेजारच्या इमारतीतल्या खिडक्या एकेक करून उघडल्या आणि मग एकेक करून बंद झाल्या, एवढंच सांगतो. सातवी फेरी झाली तसा मी हात वर करून "आता ओरडा!" म्हणालो, तर ओरडायला कोणी थांबलंच नाही.

"अजून सहा राहिल्यात काका."

"सात झाल्या. मी मोजल्यात." मोजण्यावरून मला कोणी बोललेलं मी खपवून घेत नाही.

"सात फक्त सातव्या दिवशी. आधीचे सहा दिवस रोज एक. सहा आणि सात तेरा."

मी बायबल उघडून पाहिलं. तेराच होत्या.

उरलेल्या फेऱ्या झाल्या, मुलांचे घसे बसले, आता तरी भिंत पडणार, तेवढ्यात खोक्यांच्या आतून आवाज आला, "माझं घर पाडायचं नाही!" दोन वेण्यावाली एक मुलगी आत जाऊन बसली होती. हस्तकलेच्या वर्गातली लाल लोकर तिने खोक्याच्या भोकातून बाहेर सोडली होती. ती राहाब होती, यरीहोत हेरांना लपवणारी. राहाबचं घर तटातच होतं, खिडकीला किरमिजी दोरी बांधली होती आणि हेरांनी तिला अभयवचन दिलं होतं. सगळं बरोबर. मी गोष्टींच्या ताईंना बाजूला घेतलं आणि हात जोडले, "ताई, जरा तपशील कमी सांगत चला." त्या म्हणाल्या, "मुलं किती लक्ष देऊन ऐकतात, नाही?"

बुधवारी योना, म्हणजे समुद्रात मोठ्या माशाने गिळलेला संदेष्टा. या दिवसाबद्दल मला जास्त सांगायचं आहे, कारण त्या दिवशी चूक माझी होती.

खेळाचं पॅराशूट तुम्ही पाहिलं नसेल तर सांगतो. उडी मारायला वापरतात ते नव्हे. नायलॉनचं गोल कापड, आठ रंगांच्या पाकळ्या एकमेकींना शिवलेल्या, कडेने धरायला कापडी मुठी. मुलं गोलाकार उभी राहतात, 'एक, दोन, तीन' म्हणून सगळी एकदम हात वर करतात, आत हवा शिरते आणि कापडाचा घुमट होतो. तो घुमट क्षणभर तसाच राहतो आणि मग सुस्कारा सोडल्यासारखा खाली येतो. दुसऱ्या एका मंडळीने ते आम्हाला उसनं दिलं होतं. आदल्या रात्री मी ते हॉलमध्ये पसरून तपासलं, तर मधोमध ताटलीएवढं भोक. उसनी वस्तू फाटकी परत गेली तर नाव खजिनदाराचं जाणार. मी रुंद चिकटपट्टीचं अख्खं रीळ लावून ते भोक दोन्ही बाजूंनी पक्कं बंद केलं.

ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आत कोंडलेली हवा तिथून वर निसटते, म्हणून घुमट सरळ राहतो आणि शांतपणे उतरतो. भोक बंद केलं की हवा वाट फुटेल तिकडून, म्हणजे कडेने निसटते. आमचा घुमट वर गेला, एका बाजूला कलंडला, मग दुसऱ्या बाजूला कलंडला, आणि ज्या बाजूला कलंडला त्या बाजूची पाच-सहा मुलं टाचा उचलून त्याच्यामागे धावत सुटली. मुलांना हे सगळं समुद्रातल्या वादळासाठी मुद्दाम केलंय असं वाटलं. पाच दिवसांत माझं कौतुक झालं ते एवढ्या एकाच गोष्टीसाठी, आणि ते मी काही न बोलता स्वीकारलं.

योना झाली होती सगळ्यांत लहान मुलगी, पाच वर्षांची. ती कापडाखाली जाऊन बसली. माशाने तिला गिळलं. आता माशाने तिला किनाऱ्यावर टाकायचं आणि दुसऱ्याने योना व्हायचं.

"बाहेर ये बाळा, झालं."

"नाही झालं. तीन दिवस आणि तीन रात्री."

मी ओणवा होऊन आत डोकावलो. उन्हाने रंगीत झालेल्या उजेडात ती मांडी घालून बसली होती, एक गाल निळा, एक पिवळा. मी आत रांगत गेलो आणि तिच्याशी वाटाघाटी सुरू केल्या. बाहेर "एक, दोन, तीन" झालं, घुमट कलंडून माझ्या अंगावर बसला आणि चिकटपट्टीची सुटलेली कड माझ्या केसांना चिकटली. माझ्या डोक्यावर आधीच मोजके केस आहेत. त्यातले किती त्या मंडळीला पॅराशूटबरोबर परत गेले, याची वहीत नोंद नाही.

गुरुवारी रस्सीखेच. बायबलशी संबंध नाही, शास्त्राधार नाही, दोन बाजू आणि एक दोर. आता कोण काय वचन काढतं ते बघू, अशा तयारीने मी गेलो. एका संघाच्या पायात बूट होते आणि दुसऱ्याच्या बहुतेकांच्या पायात सपाता. सपातावाल्यांनी हरकत घेतली. मी त्यांना दटावणार होतो, पण रस्सीखेच 1900 ते 1920 या काळात ऑलिंपिकमध्ये होती आणि 1908 साली लंडनला अमेरिकेच्या संघाने ब्रिटिश पोलिसांच्या जड बुटांवरून हीच हरकत घेतली होती. आपलं ऐकत नाहीत म्हणून त्यांनी खेळच सोडला. घोडेच्या घोडे जिथे बुटांवरून भांडले, तिथे मी मुलांना काय बोलणार?

"बूट घालून चालेल," मी निकाल दिला.

"चालणार नाही," चष्मेवाला म्हणाला. तो अर्थातच सपातावाल्यांत होता. "ही चर्चची जागा आहे. पवित्र भूमी आहे. देवाने मोशेला पायातले जोडे काढायला सांगितले होते."

चाळीस जणांनी बूट-सपाता काढल्या. रस्सीखेच दीड मिनिटात झाली. आपापली पायताणं शोधण्यात उरलेली वेळ गेली, आणि एक डावा बूट अजून माझ्याकडे आहे.

शुक्रवारी समारोप. पालक येणार, म्हणून दावीद आणि गल्याथ, म्हणजे पोरसवदा दावीदाने गोफणीच्या धोंड्याने धिप्पाड गल्याथला पाडलं ती गोष्ट. गल्याथची उंची सहा हात एक वीत. माझी पाच फूट दोन इंच. तरी सर्वानुमते गल्याथ मीच. हस्तकलेच्या ताईंनी मला पुठ्ठ्याचं शिरस्त्राण, पुठ्ठ्याचं उरस्त्राण आणि चंदेरी कागद लावलेली पुठ्ठ्याची तलवार दिली. दावीद कोण, यावर वाद नको म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. (प्रेषितांनीही टाकल्या होत्या. हे मी आधीच शोधून ठेवलं होतं, मीही आता शहाणा झालो होतो.) चिठ्ठी निघाली आमच्या योनाची.

धोंड्यांच्या जागी कापडाचे पाच चेंडू. तिने पहिला टाकला, तो तिच्याच मागे गेला. दुसरा पाळकसाहेबांकडे. तिसरा माझ्या पायाशी घरंगळत आला. पालक बघतायत, घड्याळ पळतंय, म्हणून मी छातीवर हात ठेवून धाडकन आडवा झालो.

"लागलाच नाही!" चष्मेवाला ओरडला. "आणि कपाळावर लागायला पाहिजे!"

मी उठलो. चौथा खिडकीला लागला. पाचवा हातात घेऊन ती थोडा वेळ उभी राहिली, मग सरळ चालत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "काका, खाली वाका." मी वाकलो. तिने चेंडू माझ्या कपाळावर नीट ठेवला आणि दाबला.

मी पडलो. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाच दिवसांत पहिल्यांदा काहीतरी ठरल्याप्रमाणे झालं होतं. मी डोळे मिटून तसाच पडून राहिलो, फरशी गार होती, बरं वाटत होतं. टाळ्या थांबल्यावर मी हाताचा टेकू घेऊन उठायला लागलो.

"काका, उठू नका," कानाशी आवाज आला. "गोष्ट अजून संपली नाही."

आणि दावीदाने गल्याथचं डोकं कापायला उपसली होती तशी तिने माझ्या कमरेची तलवार उपसली. हस्तकलेच्या ताईंनी दोन पुठ्ठे एकावर एक चिकटवून ती चांगली जाड केली होती.