फिगर स्केटिंगमधली कला गुणपत्रिकेने मारली?

जुन्या स्केटिंगची एखादी चित्रफीत फिरू लागली की तिच्यासोबत एक मजकूरही हमखास फिरतो. सहापैकी गुण द्यायचे तेव्हा परीक्षक कला बघायचे. २००४ मध्ये नवी पद्धत आली आणि खेळ म्हणजे उड्यांची बेरीज झाली. आता क्वाड, म्हणजे हवेत चार फिरक्यांची उडी, मारून आपटलेला स्केटर निर्दोष कार्यक्रम करणाऱ्याला हरवतो. सगळे कार्यक्रम एकाच साच्यातले दिसतात आणि लबाडी मात्र थांबलेली नाही. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांचं या खेळावर प्रेम आहे, माझंही आहे. पण त्यातलं बरंच काही खरं नाही आणि जे खरं आहे, ते या गदारोळात हरवतं.

'पूर्वी कला बघायचे.' पूर्वी म्हणजे नेमकं कधी? १९७२ पर्यंत एकेरी स्पर्धेचे निम्मे किंवा त्याहून जास्त गुण अनिवार्य आकृत्यांना असत. बर्फावर ठरावीक वर्तुळं कोरायची आणि परीक्षकांनी वाकून त्यांच्या रेषा तपासायच्या, असा तो प्रकार. त्यात संगीताचा संबंधच नव्हता. १९७२ च्या सापोरो ऑलिंपिकमध्ये जॅनेट लिनने संगीतावरचा मुक्त कार्यक्रम जिंकला, पण तिला कांस्यपदक मिळालं. सुवर्ण मिळालं बेआट्रिक्स शुबाला, जी मुक्त कार्यक्रमात सातवी होती. १९८४ मध्ये ब्रायन ऑर्सरने लघु आणि मुक्त हे दोन्ही कार्यक्रम जिंकले, तरी आकृत्यांत मागे पडल्यामुळे त्याचं सुवर्ण स्कॉट हॅमिल्टनकडे गेलं. आकृत्या कायमच्या गेल्या १९९० नंतर. पुरावा म्हणून लोक टॉर्विल आणि डीन या ब्रिटिश जोडीचा १९८४ चा साराएव्होतला कार्यक्रम दाखवतात. कलात्मकतेसाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी त्यांना सहापैकी सहा दिले होते आणि ते त्यांचे हक्काचे होते. पण ते होते बर्फनृत्यात, जिथे उड्यांची स्पर्धाच नसते. शिवाय सहाची पद्धत मुळात क्रम लावायची होती. आधी उतरणाऱ्या स्केटरला गुण हात राखूनच मिळत, कारण मागून येणाऱ्यांसाठी वर जागा ठेवावी लागे. याला कलेची कदर म्हणता येत नाही.

'पडला तरी जिंकतो.' हा आरोप एके काळी रास्त होता आणि ते मान्य करायलाच हवं. लुट्झ हा उडीचा एक प्रकार. २०१८ पूर्वी क्वाड लुट्झची मूळ किंमत १३.६० होती. फिरक्या पूर्ण करून स्केटर पडला, तर उडीच्या प्रतीसाठी ४ आणि पडण्याचा १ गुण जाऊन हातात ८.६० उरत. स्वच्छ उतरवलेल्या तिहेरी लुट्झची मूळ किंमत ६ होती. म्हणजे पडूनही फायदाच. २०१८ मध्ये हे कोष्टक बदललं. आता क्वाड लुट्झला ११.५० मिळतात. पडल्यावर त्यातले निम्मे जातात, वर आणखी १ गुण जातो आणि उरतात ४.७५. स्वच्छ तिहेरी लुट्झला ५.९० आहेत. तरीही जुना आरोप जसाच्या तसा फिरतोय.

'फक्त उड्या.' बेजिंग ऑलिंपिकमध्ये २०२२ साली रशियाच्या अलेक्झांड्रा त्रुसोव्हाने मुक्त कार्यक्रमात पाच क्वाड मारले, आन्ना श्चेर्बाकोव्हाने दोन. त्या कार्यक्रमातला दोघींमधला फरक दीड गुणाचाही नव्हता आणि एकूण सुवर्ण श्चेर्बाकोव्हाला मिळालं. त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांत जेसन ब्राउन एकही क्वाड न मारता सहावा आला. जपानच्या काओरी साकामोतोकडे क्वाड नाही, तिहेरी उड्यांतली सगळ्यात अवघड अ‍ॅक्सेलही नाही, तरी २०२२ ते २०२४ अशी सलग तीन जागतिक विजेतेपदं तिची आहेत. त्या वर्षांत रशियन स्पर्धक बंदीमुळे नव्हत्या, हा आक्षेप योग्यच आहे. पण त्या असताना बेजिंगमध्येही तिने कांस्य मिळवलं होतं. तिचा वेग बघा, उडीतून बाहेर पडताना तो जराही तुटत नाही. स्केट बर्फावर नुसतं टेकवणं आणि धारेवर तोलून वाहत जाणं यातला फरक तिच्याकडे बघितला की लगेच कळतो आणि त्या फरकाला गुण मिळतात.

'सगळं एकसारखं.' पहिल्या काही वर्षांत तसं झालं होतं खरं. गिरकीची काठिण्य पातळी वाढवून जास्त गुण मिळवायला जो तो पाय हाताने डोक्यावर ओढू लागला, मग संगीत काहीही असो. पण पुढे पातळी न मोजणारा नृत्यरचनेचा टप्पा आला आणि २०१४ पासून एकेरीत शब्द असलेली गाणीही चालू लागली.

लबाडीबद्दल थोडक्यात. २००२ च्या सॉल्ट लेक सिटीत जोडीच्या स्पर्धेत फ्रेंच परीक्षक दबावाखाली असल्याचं उघड झालं आणि दुसरं सुवर्ण द्यावं लागलं, ते सहाच्याच पद्धतीत. त्यानंतर परीक्षकांची नावं गुणांपासून तोडली गेली, ही मोठी चूक होती. ती सुधारायला २०१६ उजाडलं. आज कोणी कुठल्या उडीला किती दिले, हे नावानिशी वाचता येतं.

आता खरी तक्रार. पुरुषांच्या मुक्त कार्यक्रमात कलेच्या बाजूच्या गुणांना सुमारे १०० ची मर्यादा आहे, तांत्रिक गुणांना कसलीच नाही. दुसरं म्हणजे रचना, सादरीकरण आणि स्केटिंग कौशल्य हे तीन गुण वेगवेगळे द्यायचे असतात, पण परीक्षक ते बहुतेक वेळा एकाच पट्ट्यात देतात आणि मोठ्या उड्या उतरल्या की तिन्ही सोबत वर चढतात. एखाद्याचं स्केटिंग दहापैकी नऊचं आणि रचना सातची असेल, तर तसं लिहायची मुभा आज आहेच, पण ती फार कमी वापरली जाते. उड्यांची प्रत आणि हे तीन गुण एकाच परीक्षकाने चार मिनिटांत ठरवायचे, हा भार अवाजवी आहे. या तीन गुणांसाठी स्वतंत्र परीक्षक नेमा आणि त्यांच्यासमोर उड्यांचा हिशेब ठेवू नका. मागायचं असेल तर हे मागूया.